व्हिडिओ कॉल आणि तिचा पत्ता

कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसाठी चालणाऱ्या एका समुपदेशन केंद्रात मी दोन वर्षांपूर्वी मोबाइलच्या सुरक्षिततेवर एक सत्र घेतलं. पासवर्ड, ओटीपी, दुसऱ्याच्या नावावरचं सिमकार्ड, फोनमधलं लोकेशन, सगळं सांगून झालं. सतरंज्या गुंडाळायच्या वेळी एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारलं, “ताई, आपल्याकडे आलेल्या बाईने नवऱ्याचा व्हिडिओ कॉल उचलला, तर ती कुठे आहे हे त्याला कळेल का?”

मी म्हणाले, “नाही. मागची भिंत, खिडकी दिसू देऊ नका, एवढं पाळा. बाकी कॉल एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो आणि थेट दोघांच्याच फोनमध्ये चालतो. मध्ये कोणी नसतं.”

नेटवर्क हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे त्या खोलीत माझ्या शब्दाला वजन होतं. आणि मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. रात्री जेवताना ते माझ्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच मी त्या बाईंना फोन करून ते मागे घेतलं. चूक तपशिलाची नव्हती. “मध्ये कोणी नसतं” हे वाक्य मी सुरक्षिततेचा पुरावा म्हणून दिलं होतं, आणि तिच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट धोक्याची होती.

ही समजूत माझ्या एकटीची नाही. ॲप बनवणारे ती अभिमानाने सांगतात, तंत्रज्ञानावर लिहिणारे ती पुढे नेतात. थेट जोडणी, म्हणजे पीअर-टू-पीअर, हा शब्द आला की ऐकणारा निर्धास्त होतो. माझं म्हणणं असं आहे की थेट जोडणीचा कॉल आपल्याला मधल्या माणसापासून वाचवतो, समोरच्या माणसापासून वाचवत नाही. उलट समोरच्याला तो एक जादा गोष्ट देऊन टाकतो. आणि आपल्यातल्या पुष्कळ लोकांना, विशेषतः बायकांना, भीती कुठल्या गुप्तहेर खात्याची नसते, समोरच्याचीच असते.

मधल्या माणसाची भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि तिला कारणही आहे. ट्रंक कॉलच्या काळात गावातल्या एक्स्चेंजचा ऑपरेटर कॉल जोडून द्यायचा, आणि तो ऐकतो हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असायचं. मुलीच्या लग्नाची बोलणी, उसनवारी, आजारपण, काहीही बोलताना आवाज खाली यायचा तो समोरच्यासाठी नाही, ऑपरेटरसाठी. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. तिथल्या काचेच्या केबिनचं दार लावलं की किती मोकळं वाटायचं, हे माझ्या पिढीला आठवत असेल. ‘मधला कमी झाला की खाजगीपणा वाढतो’ हे गणित तिथून आपल्या डोक्यात बसलं. तारेच्या फोनसाठी ते बरोबर होतं, कारण त्या फोनवरून समोरच्याला आपला आवाज सोडून दुसरं काही मिळत नव्हतं. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये मिळतं.

कसं, ते जरा नीट पाहू.

आज ब्राउझरमधले बहुतेक व्हिडिओ कॉल आणि कितीतरी ॲपमधले कॉल ज्या तंत्रावर चालतात त्याला वेबआरटीसी म्हणतात. गूगलने ते २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. दोन फोन थेट जोडायचे तर दोघांना एकमेकांचे इंटरनेटवरचे पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, माहीत असावे लागतात. गंमत अशी की फोनला स्वतःचाच बाहेरचा पत्ता माहीत नसतो. घरातल्या वाय-फायवर त्याला सोसायटीतल्या फ्लॅट नंबरसारखा आतला नंबर मिळालेला असतो. रस्त्यावरून सोसायटी कशी ओळखली जाते, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो स्टन नावाच्या एका सर्व्हरला विचारतो, “मी तुला कोणत्या पत्त्यावरून आलेला दिसतो?” उत्तर मिळालं की तो पत्ता कॉल लावणाऱ्या सर्व्हरमार्फत समोरच्या फोनला कळवतो. समोरचाही तेच करतो. मग दोन्ही फोन एकमेकांचे पत्ते ठोठावून पाहतात, जो मार्ग उघडेल तो धरतात, आणि चित्र-आवाज त्या मार्गाने वाहू लागतो. कुठलाच थेट मार्ग उघडला नाही तर टर्न नावाचा दुसरा सर्व्हर मध्ये उभा राहतो. दोन्ही बाजू त्याच्याकडे पाठवतात आणि तो इकडचं तिकडे करतो.

थेट मार्ग उघडला, तर दोन्ही फोनना एकमेकांचा पत्ता माहीत असतो. ही तंत्रातली त्रुटी नाही, थेट जोडणीचा अर्थच तो आहे. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी पाकिटावरचा पत्ता त्याने झाकला जात नाही, कारण पाकीट पोचवायला तो उघडाच लागतो. फोनच्या पडद्यावर तो कुठे दिसत नाही हे खरं. पण तोच कॉल लॅपटॉपवरून केला, तर येणारी पाकिटं कुठून येतात हे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते चालवायला अभियंता असावं लागत नाही.

आता आयपी पत्त्यावरून काय कळतं? इथे मला अतिशयोक्ती करायची नाही, कारण भीती वाढवूनही बायकांचं नुकसानच होतं. आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. त्यावरून गल्ली आणि दार कळत नाही. इंटरनेट कोणत्या कंपनीचं आहे आणि शहर साधारण कोणतं, एवढं कळतं, तेही कधीकधी चुकीचं. मोबाइल डेटावर असलेला तालुक्याच्या गावातला फोन मुंबईत असल्यासारखा दिसू शकतो. नेमका ग्राहक कोण, हे फक्त ती इंटरनेट कंपनी सांगू शकते, आणि तिने ते कायद्याने मागितल्याशिवाय सांगायचं नसतं.

पण त्या बाईच्या बाजूने विचार करा. तिचा नवरा तिला अख्ख्या देशात शोधत नसतो. ती कुठे असेल याच्या त्याच्या मनात चार-पाचच शक्यता असतात: माहेर, कोल्हापूरची मावशी, नाशिकची मैत्रीण, पुण्यातलं एखादं आधारगृह. अशा माणसाला दार कळायची गरज नसते. ‘कोल्हापूर’ एवढं कळलं तरी चारातल्या तीन शक्यता गळतात. आणि मावशीच्या घरी ब्रॉडबँड असेल, गेल्या दिवाळीत तो स्वतः त्या वाय-फायवर बसलेला असेल, आणि कंपनीने तो पत्ता मधल्या काळात बदललेला नसेल, तर त्याला शहराचाही अंदाज करावा लागत नाही. दोन आकडे जुळवून पाहिले की झालं. जी माहिती परक्याच्या हातात जवळजवळ निरुपयोगी असते, ती ओळखीच्याच्या हातात पुरेशी असते. सुरक्षिततेवरच्या चर्चांत ही गोष्ट कमालीची दुर्लक्षित राहिली आहे, कारण त्या चर्चा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शत्रू म्हणून हॅकर असतो, नवरा नसतो.

हे सगळं नव्याने कळलं असंही नाही. स्काइपची हकिगत पाहिली की कळतं, किती वर्षं आपण हे माहीत असून चालवून घेतलं.

स्काइप ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झालं, स्वीडन आणि डेन्मार्कच्या दोन उद्योजकांनी एस्टोनियातल्या प्रोग्रॅमरांकडून बनवून घेतलेलं. सदाशिव पेठेतले, डोंबिवलीतले, ठाण्यातले कितीतरी आई-वडील न्यू जर्सीतल्या नातवंडांना पहिल्यांदा पाहू शकले ते त्याच्यावर. त्याची रचना खरोखर थेट जोडणीची होती. इतकी, की चांगलं इंटरनेट असलेल्या सामान्य वापरकर्त्यांचेच संगणक ‘सुपरनोड’ बनून बाकीच्यांना जोडून द्यायचे. कंपनीचा खर्च वाचायचा, आणि मध्ये एकच ठिकाण नसल्याने कॉल चोरून ऐकणं अवघड व्हायचं. हा फायदा खरा होता आणि मी तो नाकारत नाही.

२०११ मध्ये न्यूयॉर्क आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्काइपवरच्या कुणाचाही आयपी पत्ता त्याला कळू न देता, त्याने कॉल न उचलता, अगदी त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असलं तरी मिळवता येतो. त्यांनी सुमारे १०,००० वापरकर्त्यांचा दोन आठवडे असा माग काढून दाखवला. कोण कोणत्या शहरातून कोणत्या शहरात गेलं, हे त्यात दिसत होतं. पुढे तर नाव टाकलं की पत्ता काढून देणाऱ्या वेबसाइटच निघाल्या, आणि ऑनलाइन खेळणारी मुलं हरल्याचा राग काढायला प्रतिस्पर्ध्याचं घरचं इंटरनेट त्या पत्त्यावर मारा करून बंद पाडू लागली. पत्ता आपोआप झाकायची व्यवस्था स्काइपने जानेवारी २०१६ मध्ये केली. संशोधन २०११ चं, उपाय २०१६ चा. मधल्या वर्षांत जिला नवऱ्याने किंवा पाठलाग करणाऱ्याने अशा वेबसाइटवर शोधलं असेल, तिची नोंद कुठेच नाही.

त्याच स्काइपची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझी मांडणी एकांगी होईल. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ते साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतलं आणि २०१२ मध्ये सुपरनोड लोकांच्या संगणकांवरून काढून स्वतःच्या सर्व्हरांवर नेले. त्याला तांत्रिक कारण होतं: लोक मोबाइलवर आले होते, आणि फोनची बॅटरी परक्यांचे कॉल जोडून देण्यात खर्च करणं शक्य नव्हतं, शिवाय डिसेंबर २०१० मध्ये सुपरनोड कोसळून सेवा बंद पडली होती. पण २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत अमेरिकेच्या प्रिझम या पाळत कार्यक्रमात स्काइपचं नाव होतं. म्हणजे मधला आला की त्याच्या खांद्यावरून सरकार डोकावतं, ही भीतीही खरी.

मग मधला हवा की नको? मला वाटतं, प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतंच. मधल्याला काय दिसतं, हे विचारायला हवं. कॉल दोन्ही टोकांवरच उलगडेल असा एन्क्रिप्टेड असेल, तर टर्न सर्व्हर म्हणजे बंद पाकिटं इकडून तिकडे देणारा माणूस. कोणाचं पाकीट कोणाला गेलं हे त्याला कळतं, आत काय आहे ते कळत नाही. आणि कोणी कोणाला कॉल केला हे तर ॲपच्या कंपनीला तसंही कळलेलंच असतं, कारण कॉलची घंटा तिच्याच सर्व्हरने वाजवलेली असते. थेट जोडणी केली म्हणून ती नोंद पुसली जात नाही. तेव्हा मधून नेल्याने कंपनीच्या माहितीत फारशी भर पडत नाही, आणि समोरच्याला मिळणारा पत्ता मात्र थांबतो.

अट एकच, पाकिटं खरोखर बंद असली पाहिजेत. झूमने ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणून वर्षानुवर्षं जे सांगितलं ते तसं नव्हतं. किल्ल्या कंपनीकडेच होत्या. लॉकडाउनमध्ये शाळा, लग्नाच्या बैठका आणि साखरपुडे झूमवर होत असताना, १६ एप्रिल २०२० रोजी आपल्या गृह मंत्रालयाने ते सुरक्षित नसल्याची सूचना काढली; त्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल समज देऊन अटी घातल्या. आणि थेट जोडणीतही पाकिटं आपोआप बंद नसतात, हे लोकांना माहीतच नसतं. दोन फोन एकमेकांच्या किल्ल्यांचा ठसा सर्व्हरमार्फतच कळवतात. तो सर्व्हर खोटं बोलला आणि त्याने आपलाच ठसा दोघांना दिला, तर तुमची ‘थेट’ जोडणी त्याच्याशी होते. म्हणून टेलिग्रामच्या कॉलमध्ये चार इमोजी दिसतात, ते दोघांनी ताडून बघायचे असतात. एन्क्रिप्शनचे जाणकार फिल झिमरमन यांनी तर २००६ मध्येच अशी पद्धत आणली होती की कॉलच्या सुरुवातीला दोघांनी पडद्यावरचे दोन शब्द एकमेकांना वाचून दाखवायचे. ओळखीचा आवाज हाच पुरावा. मी गेल्या पाच वर्षांत असे इमोजी ताडून पाहणारी तीन माणसं पाहिली, तिघेही माझ्याच व्यवसायातले.

थेट जोडणीच्या घाईतून आणखी एक धोका निघाला आहे, आणि तो मला सगळ्यात भीतिदायक वाटतो. पत्ते ठोठावून मार्ग शोधायला वेळ लागतो. कॉल उचलल्यावर चित्र यायला चार-पाच सेकंद लागले तर लोक वैतागतात. म्हणून काही ॲप घंटा वाजत असतानाच जोडणी तयार करून ठेवतात आणि उचलल्यावर फक्त झडप उघडतात. ती झडप चुकून आधीच उघडली तर? जानेवारी २०१९ मध्ये ॲपलच्या ग्रुप फेसटाइममध्ये तेच झालं. कॉल न उचलताच पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकू येत होता, आणि ॲपलला सेवा बंद करावी लागली. ती चूक शोधली अमेरिकेतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने, खेळता खेळता. मग गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या नाताली सिल्व्हानोविच यांनी बाकीची ॲप तपासायला घेतली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यात सिग्नल, फेसबुक मेसेंजर, गूगल डुओ, व्हिएतनाममधलं मोचा, आणि आपल्याकडचं जिओचॅट अशी नावं होती. प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या मार्गाने, कॉल न उचलता आवाज किंवा चित्र पलीकडे जाऊ शकत होतं. सगळ्या चुका दुरुस्त झाल्या. पण एन्क्रिप्शनचा दोष यात कुठेच नव्हता. आवाज नीट एन्क्रिप्ट होऊन नको त्या माणसाकडे जात होता.

आणि मे २०१९ मधलं व्हॉट्सॲपचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर एका न उचललेल्या कॉलमधून फोनमध्ये शिरलं, जगभरात सुमारे १,४०० फोनमध्ये. लक्ष्य झालेल्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे नागपुरातले वकीलही होते.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. गेली दोन-तीन वर्षं ‘डिजिटल अरेस्ट’ने हाहाकार माजवला आहे. खोटा पोलीस, खोटा सीबीआय अधिकारी, मागे खोटं पोलीस ठाणं, आणि निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतले काका तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस व्हिडिओ कॉलवर कोंडलेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं की असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत लोकांचे १२० कोटींहून जास्त रुपये यात गेले. अशा वेळी कुणी म्हणालं की एन्क्रिप्शन नको, सरकारला प्रत्येक कॉलची चावी द्या, तर मी त्या माणसाला मूर्ख म्हणणार नाही. ज्याच्या आईची आयुष्याची पुंजी गेली आहे त्याला गोपनीयतेचं व्याख्यान देणं मला जमणार नाही.

पण तो गुन्हा नीट पाहा. त्यात कॉलमधलं बोलणं गुपित नसतंच. फसवलेली बाई स्वतः ते पोलिसांना सांगते, पुष्कळदा तिच्याकडे स्क्रीनशॉटही असतात. पोलिसांना लागतं ते दुसरंच: खातं कोणी उघडलं, सिम कोणाच्या नावावर, पैसे कोणत्या भाड्याच्या बँक खात्यातून कुठे गेले. मे २०२४ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने अशा टोळ्यांचे १,००० हून जास्त स्काइप आयडी बंद केले. त्यासाठी एकाही कॉलचं एन्क्रिप्शन तोडावं लागलं नाही. आणि मधून जाणाऱ्या कॉलमध्ये दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते कंपनीकडे असतात, ते न्यायालयाच्या किंवा कायद्याच्या आदेशावर मागता येतात. म्हणजे मी मागते आहे ती व्यवस्था पोलिसांचे हात बांधणारी नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या हातातून पत्ता काढून तो अशा ठिकाणी ठेवायचा, जिथे तो मागण्यासाठी कागद लागतो, सही लागते, आणि उद्या त्या सहीबद्दल जाब विचारता येतो.

तो जाब विचारला जातो का? क्वचित. पण विचारला गेला आहे, आणि तो आपल्याच उच्च न्यायालयात. लाचखोरीच्या एका प्रकरणात सीबीआयने एका व्यावसायिकाचे फोन २००९-१० मधल्या आदेशांवर टॅप केले होते. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नाही, मग टॅपिंग कशाच्या आधारावर, असं न्यायालयाने विचारलं आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला होता. मला या निकालांचा आधार वाटतो, तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ माझ्या डोळ्यांसमोर आहे. माहिती उलगडून द्यायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद, आणि आदेश देणारं सरकार, त्याचा आढावा घेणारी समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. पाळतीचा आदेश न्यायाधीशाच्या सहीशिवाय निघता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती लढाई वेगळी, आणि ती जिंकेपर्यंत त्या बाईला थांबवून ठेवता येत नाही.

तिच्यासाठी जे करायचं ते ॲप बनवणाऱ्या कंपन्या उद्या सकाळी करू शकतात. सोय त्यांच्याकडे आहेच. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलमध्ये आयपी पत्ता झाकायचं बटण दिलं. ते सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड अशा तीन दारांआड आहे, आणि मुळात बंद असतं. त्याच व्हॉट्सॲपवरचे समूह कॉल मात्र पहिल्यापासून सर्व्हरमार्गेच जातात. म्हणजे आठ जणांचा कॉल मधून नेणं परवडतं, दोघांचा मधून न्यायचा तर ग्राहकाने स्वतः बटण शोधायचं. सिग्नलमध्ये सगळे कॉल मधून नेण्याची सोय आहे. टेलिग्राममध्ये थेट जोडणी सगळ्यांसाठी, फक्त ओळखीच्यांसाठी किंवा कुणासाठीच नाही, असं ठरवता येतं.

कंपन्या म्हणतात, मधून नेलं की कॉलचा दर्जा उतरतो. थोडा उतरतो, हे मान्य. मस्कतमधली नर्स रत्नागिरीतल्या आईशी बोलते तेव्हा चित्र अडखळू नये, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पण आपल्याकडे मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे आजही कितीतरी कॉलना थेट मार्ग मिळतच नाही आणि ते मधूनच जातात. कुणाला फरक जाणवत नाही. आता आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आल्यावर, आणि भारत त्यात जगात आघाडीवर आहे, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो, थेट मार्ग सहज उघडतो. म्हणजे जो आडोसा योगायोगाने मिळत होता तोही जाणार. दर्जाच्या मागे एक दुसरं कारण आहे, जे फारसं बोललं जात नाही: मधून नेलेल्या प्रत्येक कॉलचं भाडं कंपनीला भरावं लागतं, थेट कॉलचं भाडं तुम्ही-आम्ही भरतो.

माझा आक्षेप मात्र त्याहून खोल आहे. यातल्या काही सोयी ‘ओळखीचा आणि अनोळखी’ अशी विभागणी करतात. सिग्नलसुद्धा अनोळखी माणसाचा कॉल मधून नेतो आणि ओळखीच्याचा थेट जोडतो. फोनमध्ये नंबर साठवलेला आहे म्हणजे विश्वास आहे, हे गृहीत धरूनच हे बनवलं गेलं. पण नवऱ्याचा नंबर तिच्या फोनमध्ये असतोच. दिराचा असतो, सासऱ्यांचा असतो. मुलांची भेट, पोटगीची तारीख, यासाठी तिला तो ठेवावाच लागतो, कॉल घ्यावाच लागतो. ब्लॉक करा हा सल्ला तिला लागू नाही. तिला हवं आहे ते असं: सगळेच कॉल मुळात मधून जावेत, आणि ज्यांच्याशी थेट जोडणी हवी त्यांची नावं तिने स्वतः निवडावीत. आई, बहीण, मुलगी. बस्स.

आणि हे फक्त कंपन्यांवर सोडायचं नाही. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओवरून साक्ष घ्यायला मान्यता दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये वैवाहिक खटले व्हिडिओवरून चालवायचे का, हा प्रश्न आला तेव्हा तीन न्यायमूर्तींत मतभेद झाला. दोघांना वाटलं की त्याने बंद दाराआडच्या सुनावणीची गोपनीयता जाईल; न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं म्हणणं होतं की लांबच्या न्यायालयात खेटे घालणाऱ्या स्त्रीला हे दार बंद करू नये. मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्या दाराची कडी कशी आहे हे कोणी पाहायचं? एखादी संस्था मोठ्या कंपनीवर अवलंबून राहायला नको म्हणून जित्सीसारखं व्हिडिओ कॉलचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवते, आणि ते चांगलंच आहे. पण जित्सीत दोघंच जण असले की कॉल आपोआप थेट जोडणीवर जातो. समुपदेशकाने नवरा-बायकोला जोडून दिलं आणि पाच मिनिटं स्वतः बाहेर पडला, की त्या दोघांचे फोन एकमेकांच्या पत्त्यांवर बोलू लागतात. सेटिंगमधली एक ओळ बदलली की हे थांबतं. ती ओळ बदला, असं कुटुंब न्यायालयाच्या, महिला आयोगाच्या, ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या नियमांत लिहिलेलं असायला हवं, ज्या नेमकेपणाने साक्षीदाराच्या मागे कोण उभं आहे ते कॅमेऱ्यात दाखवायला सांगतात, तितक्याच नेमकेपणाने.

केंद्रात आता नवी बाई आली की तिचा चहा होईपर्यंत कार्यकर्ती तिच्या फोनमधलं ते तीन दारांआडचं बटण चालू करून देते. नवऱ्याचा कॉल घ्यायचाच असेल तर तो केंद्राच्या वाय-फायवर घ्यायचा नाही, मोबाइल डेटावर घ्यायचा, कोऱ्या भिंतीसमोर. केंद्राच्या इंटरनेटचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असायचा, तो पुसला आहे. आणि ज्यांनी मला तो प्रश्न विचारला होता त्या बाई आता ते सत्र स्वतः घेतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला फोन करून विचारलं की मुलाच्या टॅबवर बाप कॉल करतो, त्या खेळाच्या ॲपमध्ये असं बटण कुठे असतं. मी शोधलं. त्या ॲपमध्ये ते नाही.